ठाण्यातल्या ट्रॅव्हल ऑफिसकडून ऑशवित्झची सोलो ट्रिप: व्हिसाला साडेचार स्टार, प्लॅनिंगला दोन

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी एकटी पोलंडला जाऊन आले, आठ रात्री, आणि जायचं कारण एकच होतं, ऑशवित्झ, दुसऱ्या महायुद्धातली नाझी जर्मनांची छळछावणी, आता तिथे म्युझियम आहे. व्हिसा, तिकिटं, हॉटेलं हे सगळं नौपाड्यातल्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसकडून करून घेतलं. नाव टाकत नाही कारण मालकांशी माझं समोरासमोर बोलणं झालंय आणि त्यांनी ऐकूनही घेतलं. पण काय चांगलं आणि काय चुकलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे अशा जागी जायचं असेल त्यांना उपयोग होईल.

थोडं माझ्याबद्दल. मी शाळेत इतिहास शिकवते, एकोणीस वर्षं झाली. दुसरं महायुद्ध शिकवताना हाताशी मोजक्या तासिका असतात, त्यात हिटलर, ज्यूंचा छळ, छळछावण्या हे शब्द मी इतक्या वेळा बोललेय की मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "बाई, लोक छावणीला नेणाऱ्या रेल्वेगाडीत बसलेच का? पळून का नाही गेले?" आणि मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात होतं. दुसरं म्हणजे आमच्या मजल्यावर बेने इस्राएली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू समाजातल्या आजी राहतात, टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला) जाणाऱ्या, १८७९ सालचं ते सिनेगॉग. घरात आपल्यासारखंच मराठी. त्या नेहमी म्हणायच्या की आमची माणसं कोकणच्या किनाऱ्याला लागली, तेल गाळायला लागली, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायला लागले, पण कुणी कधी हाकललं नाही. आणि तिकडे त्यांच्याच धर्माच्या माणसांचं असं झालं. घरच्यांचं म्हणणं, दिवाळीत कुणी असल्या ठिकाणी जातं का? एवढी सलग सुट्टी मला दुसरी मिळत नाही, म्हणून गेले.

आता ऑफिसबद्दल. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्यापुढे दहा दिवसात सात देश असलं पॅकेज ठेवलं, मी म्हटलं मला एकच देश हवाय आणि त्यातही दोनच शहरं, क्राकूव आणि वॉर्सा. त्यावर तिथला मुलगा जरा गोंधळला पण नंतर व्हिसाची फाइल त्यानं फार मन लावून केली, हे मी मोकळेपणानं सांगते. पोलंड शेंगेनमध्ये आहे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, व्हिसा फी ९० युरो, ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, हे सगळं त्याला तोंडपाठ. एकापेक्षा जास्त शेंगेन देश करणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा हेही त्यानंच समजावलं. शाळेचं एनओसी, पगाराच्या स्लिपा, आयटीआर, बँक स्टेटमेंट, आणि कव्हरिंग लेटर. एकटी बाई पहिल्यांदाच युरोपला जातेय, तेव्हा लेटरमधला प्रत्येक दिवस हॉटेलच्या बुकिंगशी जुळलाच पाहिजे असं सांगून त्यानं माझ्याकडून ते तीनदा लिहून घेतलं. मी कारण खरं तेच लिहिलं, इतिहासाची शिक्षिका आहे, स्मारक बघायचंय. बोटांचे ठसे द्यायला मुंबईत स्वतःला जावं लागतं, त्या दिवशी फाइल इतकी लावून दिलेली होती की काउंटरवर एक कागद मागेपुढे करावा लागला नाही. व्हिसा आला. या कामाचे साडेआठ हजार घेतले, मला ते वाजवी वाटले.

पण मग प्लॅनिंग. इथे मला खरंच वाईट वाटलं. त्यांच्या आयटिनररीत ऑशवित्झ आणि व्हिएलिच्काची मिठाची खाण एकाच दिवशी, आणि संध्याकाळी परत येऊन क्राकूवच्या मेन स्क्वेअरमध्ये लाइव्ह म्युझिक डिनर. "मॅडम, ऑशवित्झ हाफ डेमध्ये कव्हर होतं, सगळे असंच करतात." सगळे करतात हे खरं असेल, तिकडे कंपन्या अशी जोड टूर विकतात. पण जिथे साधारण अकरा लाख माणसं मारली, त्यातली दहा लाखांच्या आसपास ज्यू, तिथून बाहेर पडून जेवणाच्या आधी अजून एक पॉइंट बघायचा हे मला मान्यच झालं नाही. मी नाही म्हटलं तर त्यांनी दुसऱ्या एका रिसेलरचं व्हाउचर काढून दिलं, त्यात वेळ "अंदाजे" लिहिलेली, पिकअप आदल्या रात्री कळवू, आणि नावाच्या रकान्यात माझ्या नावाऐवजी मिस्टरांचं नाव! आपल्या पासपोर्टवर मधलं नाव असतं त्याचा हा घोळ. तिथे एंट्री पास नावावर असतो आणि आयडीशी ताडून बघतात, त्यामुळे हे चालण्यासारखंच नव्हतं. ते व्हाउचर मी रद्द करायला लावलं, अर्धे पैसे परत मिळाले, अर्धे गेले.

शेवटी एका रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप घेऊन बसले आणि म्युझियमच्या अधिकृत साइटवरून, व्हिजिट डॉट आउशविट्झ डॉट ऑर्ग, स्वतः बुक केलं. पंधरा मिनिटांचं काम. आवारात जायला पैसे नाहीत, पण पास आधी घ्यावाच लागतो, गाइड घेतला तर गाइडचे पैसे. इंग्रजी गाइडची साडेतीन तासांची टूर असते, सहा तासांची स्टडी टूर पण असते. मी साडेतीन तासांची घेतली आणि सकाळचा स्लॉट धरला. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडे घड्याळं एक तास मागे करतात, साडेचारच्या आधीच अंधारायला लागतं, तेव्हा या दिवसात जाणार असाल तर सकाळचीच वेळ घ्या. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर योम हाशोआचा दिवस, म्हणजे ज्यूंच्या हत्याकांडाचा स्मरणदिन, बघून घ्या, त्या दिवशी पहिल्या छावणीपासून बिर्केनाऊपर्यंत (छावणीचा दुसरा, मोठा भाग) मोठा मार्च निघतो, इतरांना फिरायला अडचण होते. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं म्युझियम स्वतःच सांगतं. बॅग अगदी छोटी न्या, मोठी आत नेऊ देत नाहीत.

क्राकूवच्या बस स्टँडवरून ऑश्विएंचिमला (ऑशवित्झच्या गावाचं पोलिश नाव) बस मिळते, दीड तास लागतो, थेट म्युझियमपाशी उतरवतात. ट्रेनही आहे, पण स्टेशनपासून चालावं लागतं. गाडी, ड्रायव्हर, पिकअप कशाचीही गरज नाही, एकट्या बाईला सुद्धा नाही. बसमध्ये शाळेची मुलं होती, शेजारच्या आजींनी मला खुणेनं उतरायचं ठिकाण दाखवलं.

आता तिथल्या सेवेबद्दल, कारण माझ्या मते या ट्रिपचे खरे पैसे त्या गाइडवर वसूल झाले. सिक्युरिटी झाली की खालच्या वाटेनं जायचं, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि आवाजात एकेक नाव वाचलं जातं, बस एवढंच, नावं. नंतर हेडफोन देतात, गाइड हळू बोलतात तरी कानात स्पष्ट ऐकू येतं. आमच्या गाइड बाई साधारण माझ्याच वयाच्या. आवाज एकदाही चढवला नाही, कुठे रडवायचा प्रयत्न नाही. तारीख सांगायच्या, आकडा सांगायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. १४ जून १९४० ला टार्नुफहून पहिली गाडी आली, ७२८ पोलिश राजकीय कैदी. म्हणजे सुरुवातीला ही छावणी पोलिश लोकांसाठी होती, हे मी एवढी वर्षं शिकवताना कधी सांगितलंच नव्हतं. २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैन्य आलं आणि छावणी मुक्त झाली. १९४७ मध्ये पोलंडनं तिथे म्युझियम केलं.

चार आणि पाच नंबरचे ब्लॉक. चार नंबरमध्ये बायकांचे कापलेले केस आहेत, दोन टनांच्या आसपास, त्या खोलीत फोटो काढायला बंदी आहे आणि काढावासा वाटतही नाही. सुटकेसांवर मोठ्या अक्षरात नाव, जन्मतारीख लिहिलेली, म्हणजे परत मिळेल असं वाटत होतं त्यांना. पण माझे पाय हलेनात ते भांड्यांपाशी. बारा हजारांवर भांडी आहेत त्यांच्याकडे, काचेमागे ढीग, इनॅमलची पातेली, डाव, गाळण्या, किसण्या, कुणाच्या तळाला टवके उडालेले. गाइड बाई म्हणाल्या की यांना सांगितलं होतं तुम्हाला दुसरीकडे वसवणार आहोत, म्हणून संसार बांधून आणला. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. गाडीत का बसले, तर पोहोचल्यावर स्वयंपाक करायचा होता म्हणून. हे गाइडशिवाय मला कळलं नसतं, मी काचेमागचा ढीग बघून पुढे गेले असते.

बिर्केनाऊ तिथून तीनेक किलोमीटरवर, म्युझियमची फुकट बस नेते. ते बघायचं टाळू नका, काही लोक पहिल्या भागानंतर दमून परत जातात. जागा इतकी प्रचंड आहे की शेवटचं टोक दिसत नाही, वारा भन्नाट, चांगले बूट आणि कानटोपी हवीच. लाकडी बराकी मुळात घोड्यांच्या तबेल्याचा नमुना होता, ५२ घोड्यांचा, त्यात चारशेच्या वर माणसं कोंबायचे. रुळांचा फलाट १९४४ मध्ये थेट आतपर्यंत आणला, त्या वर्षी मे ते जुलैमध्ये हंगेरीतून चार लाखांहून जास्त ज्यू आणले, दोन महिन्यांच्या आत. प्रेतं जाळायची मोठी भट्टीघरं एसएसनं, म्हणजे छावणी चालवणाऱ्या नाझी दलानं, जाताना सुरुंगानं उडवली, ते ढिगारे तसेच ठेवलेत. एक मात्र आतल्या कैद्यांनीच ७ ऑक्टोबर १९४४ ला उठाव करून पेटवून दिलं होतं. त्या मुलीला पुढचं हेही सांगायचंय, की सगळे मुकाट्यानं गेले नाहीत.

आमच्या मजल्यावरच्या आजींनी मी निघताना सांगितलं होतं, आमच्यात थडग्यावर फुलं नाही ठेवत, दगड ठेवतात. मी तिथल्याच वाटेवरचा एक खडा उचलला आणि राख टाकली होती त्या तळ्यापाशी बाकीच्या खड्यांजवळ ठेवला. आल्यावर आजींनी मलिदा केला होता, गोड पोहे, खोबरं, फळं, मी सुखरूप परत यावी म्हणून नवस बोलल्या होत्या म्हणे.

दुसरा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला होता आणि ते किती बरं झालं. दुपारपर्यंत हॉटेलमधून निघालेच नाही, नंतर नदीपलीकडे पोडगूझेला गेले, तिथल्या वस्तीत क्राकूवच्या ज्यूंना कोंडलं होतं, आता त्या चौकात मोठ्या रिकाम्या धातूच्या खुर्च्या ठेवल्यात. एका खुर्चीशेजारी बराच वेळ उभी होते. ऑशवित्झच्याच दिवशी लाइव्ह म्युझिक डिनरला बसवलं असतं तर माझ्या घशाखाली घास उतरला नसता.

ऑफिसच्या अजून दोन चुका. एक, मला सगळं फॉरेक्स युरोत दिलं, पोलंडमध्ये चालतात झ्लॉटी, तिथे परत कॅन्टॉरमध्ये (पैसे बदलायच्या दुकानात) बदलावे लागले आणि त्यात नुकसान. दोन, १ नोव्हेंबरला तिकडे सर्व संतांचा दिवस, सार्वजनिक सुट्टी, जवळजवळ सगळी दुकानं बंद, हे कुणी सांगितलंच नाही. आदल्या दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनवर कळलं म्हणून ब्रेड, चीज, फळं आणून ठेवली. त्या दिवशी आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं. संध्याकाळी लोकांच्या मागोमाग राकोवित्स्की दफनभूमीत गेले तर प्रत्येक थडग्यावर काचेतले दिवे, हजारो, घरची सगळी माणसं लहान मुलांना घेऊन आलेली. घरी व्हिडिओ कॉल लावला, इकडे आईनं पणत्या दाखवल्या, मी तिला ते दिवे दाखवले, दोघी काही बोललो नाही.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. बटाटा आणि चीजचे पिएरोगी (उकडलेल्या करंज्यांसारखे) मिळतात, बीटचं सूप मात्र आधी विचारून घ्या मटणाच्या पाण्यातलं आहे का, आणि रस्त्यावर कडकडीत गोल पाव मिळतो. बार म्लेच्नी म्हणून साधी खानावळ असते, स्वस्त आणि गरम.

वॉर्साला ट्रेननं अडीच तास. ते थोडक्यात सांगते, पण एक चुकवू नका, तिथे कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. युद्धात रशियातून सुटलेले पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले होते, त्याची आठवण म्हणून. परक्या गावात कोल्हापूर हे नाव वाचताना मला भरून आलं. ऑफिसला ही जागा माहीतच नव्हती, आणि मराठी माणसांना पोलंडला पाठवणाऱ्यांना ती माहीत असायला हवी.

आल्यावर मी ऑफिसमध्ये जाऊन हे सगळं मालकांना सांगितलं. त्यांनी तो मुलगा शेजारी बसवला आणि वहीत लिहून घेतलं: ऑशवित्झ वेगळा दिवस, नंतर काही नाही, बुकिंग अधिकृत साइटवरून, नाव पासपोर्टप्रमाणे, झ्लॉटी, १ नोव्हेंबर. म्हणून व्हिसाच्या कामाला साडेचार आणि प्लॅनिंगला दोन देतेय, एक नाही. माझ्या भाचीला पुढच्या वर्षी जर्मनीला जायचंय, तिची फाइल मी त्याच मुलाकडे देणार आहे. स्मारकाचं बुकिंग मात्र ती आणि मी घरी बसून करू.