स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा की हाफ फेअर कार्ड? स्वित्झर्लंडच्या बजेटचा खरा हिशोब

स्वित्झर्लंडच्या सहलीचं अंदाजपत्रक मांडताना बहुतेक घरांत विमान, हॉटेल आणि व्हिसा असे तीन आकडे आधी लिहिले जातात आणि खाली 'फिरणं' म्हणून एक गोल आकडा ठोकला जातो. गडबड त्या गोल आकड्यातच होते. तिथला प्रवासखर्च दोघांसाठी लाखाच्या पुढे सहज जातो, आणि तो कमी करायची दोन साधनं, स्विस ट्रॅव्हल पास आणि स्विस हाफ फेअर कार्ड, वरवर सारखी वाटली तरी हिशोबात फार वेगळी निघतात. या दोन्हींचं हे परीक्षण. पास आणि कार्डाचे दर २०२५चे, दुसऱ्या वर्गाचे. तिकिटांचे आकडे जवळपासचे धरलेत, कारण ते मार्ग आणि हंगामाप्रमाणे थोडे हलतात. हिशोबाला सोपं म्हणून एक फ्रँक म्हणजे ११० रुपये धरलाय. तुम्ही पैसे भरणार त्या दिवसाचा दर लावा.

आधी वस्तू काय आहे ते. ट्रॅव्हल पास सलग ३ दिवसांचा २४४ फ्रँक, ४ दिवसांचा २९५, ६ दिवसांचा ३७९, ८ दिवसांचा ४१९ आणि १५ दिवसांचा ४५९. यात देशभरातल्या रेल्वे, पोस्टाच्या पिवळ्या बस, तलावातल्या बोटी, शहरांतल्या ट्राम आणि पाचशेहून जास्त संग्रहालयं येतात. रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टूस हे तीन डोंगर पूर्ण फुकट. २५ वर्षांखालच्यांना पास सुमारे तीस टक्के स्वस्त पडतो. हाफ फेअर कार्ड १५० फ्रँकचं, महिनाभर चालणारं. त्यात फुकट काहीच नाही, पण जवळजवळ प्रत्येक तिकीट निम्म्या दरात मिळतं.

पासची जाहिरात 'अनलिमिटेड' या एका शब्दावर चालते. पण आपल्याकडचे लोक स्वित्झर्लंडला जातात ते डोंगरांसाठी, आणि नेमके मोठे डोंगर या अनलिमिटेडच्या बाहेर आहेत. टिटलिस, पिलाटुस, गोर्नरग्राट यांवर पासने निम्मी सवलत मिळते, म्हणजे हाफ फेअर कार्डाइतकीच. युंगफ्राउयोखवर तर पासची सवलत कार्डापेक्षा कमी आहे. पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत फुकट नेतो आणि तिथून वर फक्त २५ टक्के सूट देतो. कार्ड इंटरलाकनपासून वरपर्यंत निम्मं करतं. जून ते ऑगस्टमध्ये इंटरलाकन ओस्ट स्टेशनहून जाऊन-येऊन पूर्ण तिकीट अडीचशे फ्रँकच्या घरात असतं (मे महिन्यात थोडं कमी). कार्डाने ते सव्वाशेच्या आसपास येतं, पासने दीडशेच्या पुढेच राहतं. शिवाय हंगामात जागा राखून ठेवण्याचे माणशी दहा फ्रँक वेगळे, आणि त्यावर सवलत कुठलीच नाही.

आता दोन्हींची बरोबरी कुठे होते ते बघू. पासच्या किमतीतून कार्डाचे १५० वजा करा आणि उरलेल्याची दुप्पट करा. पासमध्ये फुकट येणारी तिकिटं पूर्ण दराने तेवढ्या रकमेची होत असतील तरच पास परवडतो. ३ दिवसांच्या पासला ही रक्कम १८८ फ्रँक येते, ४ दिवसांच्याला २९०, ६ दिवसांच्याला ४५८, ८ दिवसांच्याला ५३८, १५ दिवसांच्याला ६१८. रोजच्या हिशोबात ६ दिवसांचा पास सगळ्यात अवघड, कारण रोज ७६ फ्रँकचा प्रवास व्हायला हवा. झ्युरिक ते इंटरलाकन एवढं लांबचं पूर्ण तिकीट साधारण तेवढं होतं. ते रोज कोण करणार? उलट १५ दिवसांच्या पासला रोज ४१ फ्रँक पुरतात. ८ आणि १५ दिवसांच्या पासमध्ये फरक फक्त ४० फ्रँकचा आहे. दहा-अकरा दिवस जाणाऱ्यांनी ८ दिवसांचा पास घेऊन उरलेल्या दिवसांची तिकिटं सुटी काढण्यात काही अर्थ नाही.

आठ दिवसांचा आपल्याकडे चालणारा नेहमीचा कार्यक्रम घ्या: तीन-चार रात्री लुझर्न, तीन-चार रात्री इंटरलाकन. निम्म्या दराने झ्युरिक विमानतळ ते लुझर्न १६ फ्रँक, लुझर्न ते इंटरलाकन १७, परत विमानतळ ४०. बर्नला एक दिवस जाऊन येणं ३१, लाउटरब्रुनेन आणि म्युरेन मिळून २०, ब्रिएन्झच्या तलावातली एक फेरी १६. बोट धरून रिगी ५८, एंगेलबर्गच्या गाडीसकट टिटलिस ६७, युंगफ्राउयोख १२५, शहरांतल्या ट्राम-बसला १०. झाले ४००. वर कार्डाचे १५० धरून ५५०. हाच कार्यक्रम पासवर केला तर ४१९, टिटलिसचे ४८ आणि युंगफ्राउचे साधारण १६० मिळून ६२७. माणशी ७७ फ्रँकचा फरक, म्हणजे जोडप्यामागे सतरा हजार रुपयांच्या आसपास. या कार्यक्रमाला कार्डच घ्यावं, यात आम्हाला शंका नाही.

पास कुठे जिंकतो? जिथे मुक्काम रोज-दोन रोजाला हलतो तिथे. झ्युरिक, लुझर्न, मॉन्ट्रे, झेर्मात, सेंट मॉरिट्झ असा मोठा फेरा असेल तर झेर्मात ते सेंट मॉरिट्झ हे एकच पूर्ण तिकीट दीडशे फ्रँकच्या वर जातं. दोन-तीन अशा लांब टप्प्यांत पासचे पैसे फिटतात. पावसाळी दिवस निघाले आणि संग्रहालयांत वेळ घालवायचा ठरला तरी पास बरा. आणखी एक फायदा रुपयांत मोजता येत नाही. चुकीची ट्राम पकडली, अर्ध्यात उतरून दुसरी बोट घेतली, तरी तिकिटाचा विचार करावा लागत नाही. ज्यांना प्रत्येक गाडीआधी मोबाइलवर तिकीट काढायचा कंटाळा आहे, अशा ज्येष्ठांसाठी पन्नास-साठ फ्रँक जास्त देऊन पास घेणं वावगं नाही.

तिसरा मार्ग कमी जणांना ठाऊक असतो: सेव्हर डे पास. आधी काढला तर एका दिवसाचा पूर्ण देशभरचा पास ५२ फ्रँकपासून मिळतो, आणि हाफ फेअर कार्ड असेल तर २९ पासून. विक्री सहा महिने आधी उघडते, स्वस्तातले लवकर संपतात आणि दिवस जवळ येईल तसा दर चढतो. कार्ड घेऊन एक-दोन लांबचे दिवस अशा पासने काढायचे आणि बाकीची तिकिटं निम्म्या दरात, हे गणित बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त पडतं. मात्र हे पास परत होत नाहीत, तेव्हा विमानतळावर उतरायच्या दिवसासाठी घेऊ नका. विमानाला उशीर झाला तर ते पैसे गेले.

मुलांचं सोपं आहे. ६ ते १५ वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्ड फुकट मिळतं, पास आणि हाफ फेअर कार्ड दोन्हींबरोबर, आणि आईवडिलांपैकी एकजण बरोबर असला की मुलं फुकट फिरतात. सहाच्या आतल्यांना काहीच लागत नाही. दोन ठिकाणी लोक फसतात. हे कार्ड खरेदी करतानाच मागून घ्यावं लागतं, आपोआप येत नाही. आणि ते फक्त आईवडिलांबरोबर चालतं. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन एका गाडीने पुढे आणि आईबाबा मागून, असं केलंत तर पुढच्या गाडीत नातवंडांचं अर्धं तिकीट लागेल. डोंगरावरच्या खाजगी रेल्वे आणि केबल कारचे मुलांचे नियम वेगवेगळे असतात, तेव्हा प्रत्येक शिखराच्या तिकीटपानावर मुलांचा दर आधीच बघून अंदाजपत्रकात लिहा.

पॅनोरमा गाड्यांचं, म्हणजे मोठ्या काचांच्या खास पर्यटक गाड्यांचं, जागाभाडं (जागा राखून ठेवण्याचं शुल्क) पासमध्ये नाही. ग्लेशियर एक्स्प्रेस आणि बर्निना एक्स्प्रेसला ते सक्तीचं आहे आणि चौघांचं मिळून ते मोठी रक्कम होते. बर्निनाच्या बाबतीत हा खर्च टाळता येतो. त्याच रुळांवर, त्याच पुलांवरून साध्या प्रादेशिक गाड्या तिरानोपर्यंत जातात. त्यांना राखीव जागा लागत नाही आणि खिडक्या उघडतात. फोटो काढणाऱ्यांना खरं तर हीच गाडी बरी, पॅनोरमाच्या बंद काचांत प्रतिबिंब येतं. लुझर्न-इंटरलाकन गाडीलाही राखीव जागा सक्तीची नाही.

शिखरांची तिकिटं भारतातून आधी काढून ठेवू नयेत. युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे. खाली ऊन असताना वर ढग असू शकतात, आणि ढग असले की समोर निव्वळ पांढरी भिंत दिसते. प्रत्येक शिखराचा थेट कॅमेरा सकाळी नेटवर दिसतो, तो बघून तिकीट काढा. म्हणून इंटरलाकनला कमीत कमी तीन रात्री हव्यात, म्हणजे तीनपैकी एक सकाळ मोकळी मिळण्याची शक्यता राहते. हवामानामुळे गेलेलं तिकीट ही बजेटमधली सगळ्यात महाग चूक.

बाकीचा खर्च थोडक्यात. चौघांचं कुटुंब, दोन मोठे, दोन मुलं, आठ दिवस, सात रात्री, स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट. राहणं रोज २२० फ्रँक धरून १५४०. जेवण रोज ११० धरून ८८०. यात बहुतेक जेवणं मिग्रोस किंवा कोप या सुपरमार्केटमधल्या सामानावर घरी केलेली, बाहेर बसून जेवण दोनदाच. प्रवास दोन मोठ्यांचे ११००. मुलांची शिखरं, जागाभाडं, रात्रीमागे माणशी आकारला जाणारा पर्यटन कर आणि किरकोळ मिळून २५० ते ३००. एकूण ३८०० फ्रँक, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. मे महिन्यातलं विमान चौघांचं तीन लाख धरा. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. प्रवासविमा किमान ३० हजार युरोच्या वैद्यकीय संरक्षणाचा हवा, तो व्हिसालाच लागतो. सगळं मिळून पावणेआठ लाख, आणि त्यावर दहा टक्के राखीव. कोणी साडेपाचात बसवून देतो म्हणत असेल तर शिखरं, दुपारची जेवणं आणि टिप यांतलं काय काय बाहेर ठेवलंय ते लेखी विचारा.

जेवणाचा आकडा सांभाळायचा तर काही गोष्टी ठाऊक हव्यात. रविवारी दुकानं बंद, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात, म्हणून सामान शनिवारी भरा. नळाचं पाणी पिण्याचंच असतं; बाटली विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. घरून मेतकूट, भडंग, खिचडीचं कोरडं मिश्रण, चटण्या न्यायला हरकत नाही, पण दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. तुपाचा डबा आणि पेढे घरीच ठेवा. तिथल्या शेगड्या बऱ्याचदा इंडक्शनच्या असतात, त्यांवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. तीन जाड पिनांचा आपला प्लगही तिथल्या सॉकेटला बसत नाही, अडॅप्टर घ्या.

बँकेच्या कार्डाने पैसे देताना मशीन 'रुपयांत की फ्रँकमध्ये' विचारतं. नेहमी फ्रँक निवडा, रुपये निवडलेत की दर त्यांच्या मर्जीचा लागतो. युरोपचं ई-सिम घेताना यादीत स्वित्झर्लंड आहे का ते बघा. देश युरोपीय संघात नाही, त्यामुळे काही स्वस्त प्लॅनमध्ये तो नसतो. इंटरलाकन आणि लुझर्नच्या हॉटेलांत मिळणारं पाहुणाकार्ड मागून घ्या, त्यावर गावातल्या बस फुकट असतात. तिचिनोकडे, म्हणजे लुगानोच्या बाजूला जात असाल तर हॉटेलकडून तिचिनो तिकीट मिळतं आणि त्या प्रांतातली सगळी सार्वजनिक वाहतूक फुकट होते. तिथे चार दिवस राहणाऱ्याला पास घेण्याचं कारणच उरत नाही.

खरेदी स्विस रेल्वेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर फ्रँकमध्येच करावी. पासवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच हवं. पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवा, एक प्रत कागदावर, आणि पासपोर्ट खिशात, कारण तपासनीस पास आणि पासपोर्ट दोन्ही मागतो. पासचा दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजला जातो. रात्री दहाला विमानतळावर उतरत असाल तर पास दुसऱ्या दिवसापासून सुरू करा आणि त्या रात्रीचं शहरापर्यंतचं तिकीट वेगळं काढा.