घरातले वर्ष आणि आमची घरघंटी

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि देशभरातील टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. त्या दिवशी आमच्या घरात गव्हाचे पीठ जेमतेम आठवडाभर पुरेल एवढे होते, ज्वारीचे तर दोनच दिवसांचे, आणि निवडून ठेवलेल्या दळणाचा डबा दाराशीच राहिला. पिठाच्या गिरण्यांना परवानगी होती, परंतु आमच्या गल्लीतील गिरणीवाले काका गावी अडकले होते, आणि एप्रिलमध्ये पुण्यातील पेठांचा मोठा भाग सील झाल्यावर पलीकडच्या गिरणीपर्यंत जाणेही बंद झाले. कोठीत गहू आणि ज्वारी भरलेली असताना आम्ही वाण्याकडून पिशवीतले तयार पीठ आणत होतो. सासूबाईंचे वय ७८, त्यांना मधुमेह असल्यामुळे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. विकतच्या पिठाची भाकरी थापताना तिच्या कडेला चिरा पडू लागल्या, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "या पिठाची विरी गेली आहे गं." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. जूनमध्ये दुकाने उघडली त्याच आठवड्यात आम्ही घरघंटी, म्हणजे घरी दळण्याची विजेची छोटी गिरणी, घेतली. बहुतेक काळ घरातच गेलेल्या या वर्षात ती आठवड्यातून साधारण दोनदा चालली आहे, म्हणून तिच्याविषयी खात्रीने काही सांगता येईल असे वाटते.

आमचे यंत्र एक अश्वशक्तीच्या मोटरीचे आहे. वर पाच किलो धान्य मावणारा कोठा, आत दळण्याची जागा, सहा निरनिराळ्या जाळ्या आणि खाली पीठ पडण्यासाठी कापडी तोंडाचा स्टीलचा डबा, एवढीच त्याची रचना. गिरणीत धान्य दोन दगडी पाट्यांमध्ये घासले जाते. येथे पोलादी पाती धान्यावर वेगाने आपटतात आणि जाळीच्या छिद्रातून जाईल इतके बारीक झालेले पीठ खाली पडते. जाळी बदलली की त्याच धान्याचे बारीक पीठ, जाडसर पीठ किंवा भरडा मिळतो. दार नीट लागले नसेल तर मोटर सुरूच होत नाही, ही सोय लहान मुले असलेल्या घरात फार मोलाची आहे.

या यंत्राचे खरे मोल ज्वारीच्या दळणात कळते. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते. भाकरीचे पीठ धरून ठेवण्याचे काम ताज्या पिठावर, कढत पाण्यावर आणि मळणाऱ्या तळहातावरच असते. आम्ही मालदांडी ज्वारी आणतो आणि एका वेळी दीड किलोच दळतो, म्हणजे चार-पाच दिवसांत पीठ संपते. दळण झाले की सासूबाई डब्यातून चिमूटभर पीठ घेतात, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळून पाहतात, आणि रवाळ लागले तर पुढची जाळी लावायला सांगतात. पहिल्या दळणाची भाकरी तव्यावर टम्म फुगली, तिचा पापुद्रा बोटाने अलगद सुटला आणि त्या दिवशी त्यांनी कितीतरी दिवसांनी दुसरी भाकरी मागून घेतली. त्यानंतर घरातील धान्याचा सगळा कारभार त्यांनी आपणहून हाती घेतला. मार्चपासून उंबऱ्याबाहेर न पडलेल्या बाईला रोज सकाळी सूप घेऊन बसण्याचे कारण मिळाले, ही गोष्ट मला यंत्राच्या सर्व गुणांपेक्षा मोठी वाटते. बाजरीचे पीठ तर लवकर कडू पडते, त्यामुळे हिवाळ्यात ते लागेल तेवढेच दळता येणे हे सुखच होते. दिवाळीपूर्वी चकलीची आणि थालीपिठाची अशा दोन्ही भाजण्या घरीच दळल्या. भाजणीचा खमंग वास दुपारभर घरात राहिला होता.

दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. धान्य पूर्ण कोरडे नसेल तर हे यंत्र अजिबात सांभाळून घेत नाही. गणपतीत मोदकांसाठी आंबेमोहोर तांदूळ धुऊन सावलीत वाळवला होता, परंतु पावसाळी हवेत तो आतून किंचित दमट राहिला आणि पाच मिनिटांत जाळीवर लगदा बसला. ती ब्रशने साफ करण्यात अख्खी संध्याकाळ गेली. तीळ, शेंगदाणे, सोयाबीन असे तेलकट काही त्यात घालू नये. पीठ गरम निघते, म्हणून ते परातीत पसरून निवल्यावरच डब्यात भरावे, नाहीतर वाफ धरून गुठळ्या होतात. आवाज मिक्सरएवढा असतो, पण तो अर्धा तास चालतो. मुलाची ऑनलाइन शाळा, यजमानांच्या मीटिंगा आणि खालच्या मजल्यावरील आजोबांची वामकुक्षी यांच्यामधून आम्हाला सायंकाळी साडेपाचची वेळ काढावी लागली. सर्वांत मोठी तक्रार सेवेची आहे. सप्टेंबरमध्ये मोटर बंद पडली आणि कारागीर यायला अठरा दिवस लागले, तेही रोज फोन केल्यावर. घेण्यापूर्वी दुकानदाराकडून दुरुस्तीला किती दिवस लागतात हे विचारून घ्यावे आणि रोजच्या वापराची एक जाळी जास्तीची मागून घ्यावी.

पैशांचा हिशेब मांडला तर पाच किलो गव्हाला चाळीस मिनिटे, म्हणजे साधारण अर्धा युनिट वीज लागते. आमच्या गिरणीचा दर २०२१ मध्ये किलोला सहा रुपये होता. महिन्याला वीस किलो दळण धरले तर विजेचा खर्च वजा जाता शंभर रुपये वाचतात आणि यंत्राला आम्ही साडेसोळा हजार मोजले, तेव्हा ते वसूल व्हायला जवळजवळ चौदा वर्षे लागतील. बचतीसाठी घरघंटी घेऊ नये. चपातीच खाणाऱ्या छोट्या कुटुंबाला तिची गरज नाही. ज्या घरात भाकरी रोजची आहे, पथ्याचे धान्य वेगळे दळावे लागते किंवा नाचणी, बाजरी थोडी थोडी लागते, तेथे ती अवश्य घ्यावी.

गिरणीवाले काका ऑगस्टमध्ये परतले आणि आमचे गव्हाचे दळण तेव्हापासून पुन्हा त्यांच्याकडेच जाते, कारण दगडी पाट्यावरच्या पिठाची चपाती आमच्या घरी सर्वांना अधिक मऊ लागते. यंदाचा, म्हणजे २०२१ चा, पाडवा १३ एप्रिलला झाला आणि दुसऱ्याच दिवशी रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. या खेपेस काका गावी गेलेले नाहीत. गव्हाचा डबा त्यांच्याकडे काल सकाळीच पोहोचवला. ज्वारी सासूबाईंनी पाखडून ठेवली आहे, ती आज साडेपाचला दळायची आहे.