बक्षीस द्यावं की सेटिंग बदलावी?

ऑफिसात वीज-कागद वाचवायचं काम अंगावर आलं की अ‍ॅडमिनवाल्यापुढे दोन वाटा असतात. स्पर्धा लावून बक्षिसं वाटायची, नाहीतर कुणाला न विचारता यंत्रांची सेटिंग बदलून टाकायची. (पोस्टर ही तिसरी वाट, पण पोस्टर आठवडाभरात भिंतीत विरून जातं.)

स्पर्धेचा माझा अनुभव सांगतो. आधीच्या कंपनीत महिनाभर मजल्या-मजल्यांत वीजबचतीची चुरस लावली होती. आमच्या मजल्यावर कुणीतरी उत्साहात रात्री पॅन्ट्रीचा फ्रिजच बंद केला. सकाळी सगळं दूध नासलेलं. जिंकलो ते जिंकलोच, बक्षिसाचा पिझ्झा पेपर प्लेटमध्ये खाल्ला आणि पुढच्या महिन्यात दिवे पुन्हा रात्रभर चालू.

सेटिंगला टाळ्या मिळत नाहीत, पण ती टिकते. स्वीडनमधल्या एका विद्यापीठात कागद वाचवा म्हणून विनंती करून पाहिली, काही फरक पडला नाही. प्रिंटर मुळातच दोन्ही बाजूंनी छापेल असं केलं, तेव्हा कागद सुमारे १५ टक्क्यांनी घटला. एकाच बाजूने छापायची सोय तशीच होती, फक्त त्यासाठी बटण शोधावं लागे. तेवढा कंटाळा पुरला.

एसीचं मात्र जपून. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब आहे आणि २०२० पासून स्टार रेटिंगचे नवे रूम एसी २४ वरच सुरू होतात. म्हणून जुन्या ऑफिसात २० वरून एकदम २४ केलं, तर दुपारपर्यंत रिमोटवरून भांडण ठरलेलं. पॅरिसमध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या ऑफिसात हीटिंग १ अंशाने उतरवलं ते बऱ्याच लोकांनी चालवून घेतलं. २ अंशांनी उतरवलं तेव्हा जास्त जणांनी ते पुन्हा वर नेलं. तेव्हा दर आठवड्याला एकच अंश.

कचऱ्याला सेटिंग नसते, तिथे माणूसच लागतो. ओला-सुका असे दोन डबे ठेवले आणि संध्याकाळी मावशींनी दोन्ही एकाच काळ्या पिशवीत ओतलेले कुणी एकदा पाहिले, की सगळं संपलं. दोष मावशींचा नाही, त्यांना दुसरी पिशवी आणि जादा अर्धा तास कुणी दिलेलाच नसतो. पिझ्झ्याचे पैसे तिथे घाला.

कागदी कपांचंही तसंच. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्वतःचा कप आणणाऱ्याला सवलत दिली, त्याने काही हललं नाही. कागदी कपाला वेगळे पैसे लावले तेव्हा थोडा फरक पडला. आपल्याकडे मशीनचा चहा फुकट, पैसे कुणाकडून घेणार? मग कागदी कप मागवणंच थांबवा, स्टीलचे पेले ठेवा. आणि ते धुवायचे कुणी, हे आधी ठरवा.