ठाण्यातला हेरिटेज वॉक : माइक सोडून झकास

नौपाड्यात ताईकडे आलो होतो. भाओजींनी रविवारी सकाळी हेरिटेज वॉकला पिटाळलं. ३०० रुपये ऐकून जरा कुरकुरलोच. पण तलावपाळीला, कौपिनेश्वराच्या दारात गाइडताई म्हणाल्या, शिलाहार राजांच्या ताम्रपटांत या गावाचं नाव ‘श्रीस्थानक’ आहे. स्थानकाचं झालं ठाणं! आम्ही सातारकर आजवर पोलीस ठाणंच समजत होतो. इंग्रजांनी त्याचं ‘टॅना’, ‘थाना’ केलं. १८५३ ची बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी आली ती इथेच. इंग्रजी पाटीवर रीतसर ‘ठाणे’ व्हायला मात्र १९९६ उजाडलं. पोर्तुगीजांचा किल्ला आता तुरुंग, त्यामुळे बाहेरूनच बघायचा. माइक फार खरखरतो, पुढेच उभे राहा. चहा तिकिटात धरलेला नाही.