जेवणातल्या पाण्याचा हिशोब देणारं ॲप, ५ पैकी ३ स्टार

खाण्याच्या वस्तूमागे किती पाणी गेलं ते सांगणारं एक फ्री वॉटर फूटप्रिंट ॲप सध्या वापरतोय. वापरायला एकदम सोपं, पदार्थ निवडायचा, वजन टाकायचं की लिटर समोर. साखर किलोला साधारण १८०० लिटर, गहूही तेवढाच, आणि भाजलेली कॉफी जवळपास १९ हजार!! आकडे हवेतले नाहीत, मेकोनेन आणि हूकस्ट्रा या संशोधकांनी अभ्यास करून काढलेल्या जागतिक सरासऱ्या आहेत (वॉटर फूटप्रिंटची कल्पना २००२ मध्ये मांडणारे ते हूकस्ट्रा हेच).

खरी मजा आकड्यावर टॅप केल्यावर आहे, तिथे तीन रंग दिसतात. हिरवं म्हणजे जमिनीत मुरलेलं पावसाचं, निळं म्हणजे नदी, धरण, विहिरीतून उपसलेलं, आणि राखाडी म्हणजे खताने खराब झालेलं पाणी पुन्हा ठीक व्हायला जेवढं लागेल तेवढं. आता बघा, कॉफीचं ९५ टक्क्यांच्या वर हिरवं आहे. गव्हाचा एकूण आकडा कॉफीच्या दहाव्या हिश्शाएवढा, पण किलोमागे निळं पाणी कॉफीच्या दुपटीहून जास्त! जगात जेवढं गोडं पाणी उपसलं जातं त्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास शेतीलाच जातं, मग निळा आकडा पहिल्या स्क्रीनवर नको का? ॲपवाले तीनही रंगांची बेरीज करून एकच भलामोठा आकडा दाखवतात आणि लोक तोच स्क्रीनशॉट फिरवत बसतात. पीक कुठल्या भागातलं तेही निवडता येत नाही, म्हणजे भरपूर पावसाच्या खोऱ्यातला लिटर आणि भूजल आटत चाललेल्या भागातला लिटर सारखाच.

दुसरी मोठी गोची राखाडीची. त्या अभ्यासात फक्त नायट्रोजन खत धरलंय, फॉस्फरस आणि कीटकनाशकं नाहीत, आणि ॲपमध्ये हे कुठेच लिहिलेलं नाही. प्रक्रियेचं तर नावच नाही. ओल्या पद्धतीत कॉफीची फळं सोलून, आंबवून, धुतात, त्याला लागणारं पाणी पिकाच्या मानाने किरकोळ, पण गराची साखर घेऊन ते तसंच ओढ्यात गेलं की कुजताना ऑक्सिजन खातं आणि मासे मरतात. साखर कारखाने, स्टार्चचे कारखाने यांच्या सांडपाण्याचंही तेच, लिटर कमी दिसतात आणि घाण भरपूर.

बाकी जाहिराती नाहीत, नेट नसतानाही चालतं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी घ्यायला हरकत नाही, फक्त मुलांना रंगांचा टॅब आधी उघडायला सांगा.