अन्ननलिकेतला काळा डाग आणि संभाजीनगरचे एक एंडोस्कोपी केंद्र

बीड जिल्ह्यात जनरल प्रॅक्टिस करताना पोट आणि अन्ननलिकेचे रुग्ण मी छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी एंडोस्कोपी केंद्राकडे पाठवतो. हे केंद्र मला का पटते, ते अलीकडच्या एका रुग्णावरून सांगतो.

साठी ओलांडलेले, वर्षानुवर्षे तंबाखू-चुना मळणारे हे शेतकरी. छातीतली जळजळ गोळ्यांनी थांबत नव्हती. घास अडकत नव्हता, आणि अन्ननलिकेचा कर्करोग लवकर सापडायचा असेल तर तो याच टप्प्यात सापडतो. भाकरी अडकू लागते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. "बाबा, आवंढा गिळल्यासारखं करा," असे म्हणत डॉक्टरांनी दुर्बीण आत घेतली आणि दातांपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, शाईचा थेंब पसरावा तसा, सपाट काळसर डाग पडद्यावर दिसला.

असा डाग बऱ्याचदा मेलॅनोसिसचा, म्हणजे निरुपद्रवी रंगद्रव्याचा असतो. क्वचित तो मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग असू शकतो; तो अन्ननलिकेच्या कर्करोगांत १ टक्क्याहूनही कमी, पण अतिशय घातक. शिवाय मेलॅनोसिसच्या शेजारी नेहमीचा स्क्वॅमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग दडलेला असू शकतो, आणि काळ्या रंगावर नजर खिळली की तोच निसटतो. इथे तसे झाले नाही. डॉक्टरांनी आधी पाण्याने डाग धुऊन ते साकळलेले रक्त नाही याची खात्री केली, मग एनबीआयचा, म्हणजे ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश लावून डागाच्या कडेच्या केशवाहिन्या मोठ्या करून पाहिल्या. एका बाजूला त्यांचे वेटोळे जाड आणि वेडेवाकडे झालेले होते. त्यानंतर ल्युगॉलचे आयोडीन फवारले. निरोगी अस्तर त्यातल्या ग्लायकोजनमुळे, म्हणजे पेशींत साठलेल्या साखरेमुळे तपकिरी झाले, पण वेड्यावाकड्या वाहिन्यांच्या बाजूचा तेवढा पट्टा रंगलाच नाही. त्या पट्ट्याचे आणि काळ्या भागाचे तुकडे दोन वेगळ्या बाटल्यांत गेले, ही शिस्त मला सर्वांत मोलाची वाटते.

तक्रारीही आहेत. बायोप्सीचा अहवाल यायला फार वेळ लागला. त्या तुकड्यांवर केलेल्या एचएमबी-४५ आणि एस-१०० या चाचण्यांचा खर्च आधी सांगितला नव्हता. या चाचण्यांनी पेशी रंगद्रव्य बनवणाऱ्या आहेत एवढेच कळते. त्या घातक आहेत की नाहीत हे पॅथॉलॉजिस्टलाच पेशींची ठेवण पाहून ठरवावे लागते, आणि हे नातेवाइकांना कोणीतरी बसून समजावायला हवे होते.

काळा भाग मेलॅनोसिसचा निघाला. न रंगलेल्या पट्ट्यात मात्र अस्तरापुरता मर्यादित कर्करोग होता, जो पुढे मोठ्या रुग्णालयात छाती न उघडता दुर्बिणीतूनच सोलून काढता आला. या केंद्राकडे रुग्ण पाठवणाऱ्यांनी आयोडीनची ॲलर्जी आणि थायरॉईडचा आजार असल्यास तो चिठ्ठीत ठळक लिहावा.