ब्लेंडर एका दमात बदललं, गिंप हप्त्याहप्त्याने: नव्यावर जायचं की जुन्यावर थांबायचं?

अपडेट टाकलं, प्रोग्राम उघडला आणि रोजचं बटण जागेवर नाही. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘चांगलं चाललं होतं, कशाला हात लावला?’ मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न जरा जास्तच तिखट होतो. वापरणाऱ्याने पैसे दिलेले नसतात, पण वर्षानुवर्षांची सवय गुंतवलेली असते. त्यात जुनी आवृत्ती सहज मिळते, म्हणजे थांबून राहायची सोयही असते.

तुम्ही सध्या याच पेचात असाल, तर ब्लेंडर (थ्रीडी वस्तू आणि ॲनिमेशन घडवण्याचा प्रोग्राम) आणि गिंप (फोटो-चित्रं सुधारण्याचा प्रोग्राम) ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून बघा. दोघांचाही चेहरामोहरा बदलला, दोघांच्याही नावाने शिमगा झाला, पण त्या ओरडण्याची जात वेगळी होती. काही तक्रारी डोळ्यांच्या असतात: रंग आवडला नाही, बटणांवरची चित्रं फिकी वाटतात. त्या महिन्याभरात विरतात. काही तक्रारी हाताच्या असतात: बोट आपसूक जिथे जातं तिथे आता भलतंच घडतं. त्या टिकतात, आणि माझ्या मते निर्णय त्यांच्यावरच घ्यावा.

ब्लेंडरचं २.८० हे रूप ३० जुलै २०१९ ला आलं. त्याआधी या प्रोग्राममध्ये वस्तू निवडायची ती उजव्या क्लिकने. डावा क्लिक केला की वस्तू निवडली जायचीच नाही, ‘थ्रीडी कर्सर’ नावाचं लाल-पांढरं वर्तुळ तिथे जाऊन बसायचं. नवखा माणूस पाच मिनिटं क्लिक करत राहायचा आणि प्रोग्राम बिघडलाय असं समजून बंद करायचा. मुरलेल्यांना मात्र हीच पद्धत प्यारी होती: निवड एका बोटावर, कृती दुसऱ्या. २.८० ने डावा क्लिक निवडीला दिला, उजव्यावर मेनू आणला, शोधाची पेटी उघडणारी स्पेसबार ॲनिमेशन सुरू करायला लागली, आणि वस्तू गटागटाने दाखवायचे-लपवायचे जुने वीस लेअर जाऊन ‘कलेक्शन’ नावाचे गट आले. सगळं एकाच दिवशी.

ओरड झालीच. ‘नवख्यांसाठी आम्हाला वाऱ्यावर सोडलं’ हा सूर होता. पण ब्लेंडरकारांनी एक शहाणपण केलं. पहिल्यांदा उघडल्यावरच एक छोटी चौकट विचारते: निवड कुठल्या क्लिकने, स्पेसबारने काय व्हावं, कळा नव्या हव्यात की २.७ च्या काळातल्या. म्हणजे हाताची तक्रार करायला तोंड उघडायच्या आत उपाय समोर. शिवाय त्याच दिवशी इव्ही हे रेंडर इंजिन (मॉडेलवरून अंतिम चित्र काढणारा भाग) हातात पडलं. प्रकाश, सावली, काचेची चमक, सगळं काम करता करताच पडद्यावर दिसायला लागलं. सवय मोडल्याची भरपाई त्याच पुडक्यात आली, म्हणून राग लवकर निवळला असं मला वाटतं.

खरं नुकसान झालं ते वेगळ्याच लोकांचं. ब्लेंडर इंटर्नल हे जुनं रेंडर इंजिन २.८० मधून काढून टाकलं. ज्यांच्या फायली त्यावर बेतलेल्या होत्या त्यांची मटेरिअल (वस्तूंच्या पृष्ठभागाचे रंग-पोत) नव्याने बांधावी लागली, आणि पायथन या भाषेतली जोडणी बदलल्याने वरून जोडायची जुनी ॲड-ऑनही चालेनात. ही तक्रार डोळ्यांचीही नाही, हाताचीही नाही. थेट कामाची आहे.

आता गिंप. इथे धक्का एक नाही, चार. पहिला ३ मे २०१२ चा, २.८ चा. लोक वर्षानुवर्षं एकच खिडकी मागत होते, कारण साधनं, लेअर (चित्राचे एकावर एक थर) आणि चित्र अशा सुट्या खिडक्या पडदाभर तरंगायच्या. ती एकखिडकी व्यवस्था २.८ मध्ये आली, पण मेनूत जाऊन चालू करावी लागायची. कौतुक व्हायच्या आत त्याच आवृत्तीतल्या दुसऱ्या बदलाने सगळं गिळून टाकलं.

तो बदल असा. जेपीजी फोटो उघडला, कडा कापल्या, बोटांनी आपसूक कंट्रोल-एस दाबलं. समोर चौकट येते ती एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या प्रकारात जतन करण्याची. नावापुढे हट्टाने डॉट जेपीजी लिहिलं तर प्रोग्राम सांगतो की त्यासाठी ‘एक्स्पोर्ट’ वापरा. बरं, एक्स्पोर्ट केलं. बंद करायला गेलं तर पुन्हा विचारणा: बदल जतन झालेले नाहीत, टाकून देऊ का? आत्ताच तर फाइल तयार केली!

यामागचा विचार चुकीचा नव्हता. जेपीजीत लेअर उरत नाहीत, म्हणून काही न गमावता ठेवणं ते ‘सेव्ह’ आणि बाहेर द्यायची प्रत काढणं ते ‘एक्स्पोर्ट’. पण दिवसाला चाळीस फोटो कापणाऱ्याला लेअरचं काय? आणि जुनी रीत परत आणणारी खूणच कुठे दिली नाही. ३.० मध्येही हीच विभागणी आहे. हाताची तक्रार आणि उपाय बंद, म्हणून ती अजून ऐकू येते.

पुढचे धक्के सौम्य होते. २७ एप्रिल २०१८ च्या २.१० मध्ये काळसर रूप आणि बटणांवर करडी चित्रं आली. ‘सगळी सारखीच दिसतात’ ही तक्रार रास्त होती, पण पसंतीच्या खिडकीतून रंगीत चित्रं परत आणता येतात. २०२० च्या २.१०.१८ मध्ये साधनांचे गट झाले आणि एका चौकोनामागे तीन-चार साधनं दडली. तेही एका खुणेने बंद होतं. मग १६ मार्च २०२५ ला ३.०.

यातलं बरं कुठलं? रोज आठ तास तेच काम करणाऱ्याला ब्लेंडरची रीत परवडते: पंधरवडा चिडचिड, मग विषय संपला. गिंपच्या रीतीत प्रत्येक वेळी थोडं टोचतं आणि जुनं टोचणं विसरायच्या आत नवं येतं. महिन्यातून दोनदा प्रोग्राम उघडणाऱ्याला दोन्ही सारखंच, कारण त्याचा हात कशावरच बसलेला नसतो. त्याने नव्यावरच जावं.

ब्लेंडर २.७९ वर नवं काम करण्यात मला अर्थ दिसत नाही. इंटर्नलवरच्या जुन्या फायलींपुरती ती आवृत्ती झिपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा. दोन्ही शेजारी नांदतात. जुनी फाइल नव्यात उघडलीत तर दुसऱ्या नावाने जतन करा. आणि २.७ च्या कळा निवडताना विचार करा: आजचे सगळे धडे नव्या कळा सांगतात, तुम्ही दर वेळी मनात भाषांतर करत बसाल. उजवा क्लिक तेवढा हवा असेल तर तो वेगळा ठेवता येतो, तेवढाच ठेवा.

गिंपचा निर्णय खरा अवघड आहे. ३.० मध्ये फिल्टर लावल्यावरही नंतर बदलता येतो, अनेक लेअर एकत्र निवडता येतात. हे रूप बदलल्याचं नाही, काम बदलल्याचं सुख आहे. पण २.१० साठीची पायथन प्लग-इन (वरून जोडायची छोटी साधनं) तशीच चालत नाहीत. रोजच्या कामाचं एखादं प्लग-इन नव्यासाठी निघालेलंच नसेल, तर खुशाल थांबा.

जाता जाता मूजस्कोर. स्वरलिपीच्या या प्रोग्रामवर मार्टिन कीरी यांनी २०१९ मध्ये व्हिडिओतून झोडपून टीका केली, आणि पुढे रचनेची सूत्रं त्यांच्याच हाती आली! डिसेंबर २०२२ च्या चौथ्या आवृत्तीत देखणेपण आलं, पण जॅक ऑडिओची (एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात नेणाऱ्या व्यवस्थेची) जोडणी गेली. ती लागणारे तिसरीवरच राहिले, आणि बरोबरच केलं.

गिंपवाल्यांसाठी एक जुगाड. कळांच्या जोडण्या बदलायची खिडकी उघडून कंट्रोल-एस थेट एक्स्पोर्टला देऊन टाकता येतं. फोटो कापणाऱ्याचं दुखणं तिथेच थांबतं. मग एके दिवशी बारा लेअरचं चित्र तुम्ही त्याच कळेने ‘जतन’ कराल आणि खिडकी बंद करायला जाल. तेव्हा ‘बदल जतन झालेले नाहीत’ म्हणत तीच कटकटी चौकट आडवी येईल. त्या वेळी तेवढी नीट वाचा.